शंभरावरचा एक मीटर

दारव्ह्याच्या एमआयडीसीत शिरलं की शेवटून दुसरी पत्र्याची शेड पूनमसिंग आडे यांची. बाहेर पाटी आहे, ‘सुखी केबल’. नवखा माणूस पाटी वाचून हसतो. केबल कशी काय सुखी असते, असं त्याला वाटतं. खरं म्हणजे सुखी हे पूनमसिंगच्या आईचं नाव, सुखीबाई. कारखान्याला आईचं नाव द्यायचं, एवढी एकच गोष्ट पूनमसिंगने कुणाला न विचारता ठरवली. बाकी सगळं तो विचारून करतो. मेहुण्याला विचारतो, मुलीला विचारतो, चहा घेऊन येणाऱ्या ओमलासुद्धा विचारतो, आणि मग त्याच्या मनात आधीपासून असतं तेच करतो.

या शेडमध्ये तयार होते ती विहिरीत आणि बोअरमध्ये सोडायच्या मोटारीची चपटी केबल. तांब्याच्या तीन तारा, प्रत्येक तारेवर तांबडं, पिवळं, निळं प्लास्टिक, आणि तिघींना मिळून वरून एक काळं पांघरूण. शंभर मीटरचं एक बंडल. आपल्याकडे बोअर दोनशे-तीनशे फूट खाली गेलेले, त्यामुळे शेतकरी बहुतेक अख्खं बंडलच नेतो. कारखान्यात माणसं सहा, मोठी मशीन एक, आणि ती चालू झाली की शेजारच्या जिनिंगवाल्यालाही फोनवर ओरडून बोलावं लागतं.

पूनमसिंग तांड्यावरचा. त्याचे पणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरले, वडिलांनी तीन एकरांत कापूस पेरला, आणि पूनमसिंगने आयटीआय करून मोटारी भरायचं, म्हणजे जळलेल्या मोटारीत नव्या तारा गुंडाळायचं दुकान काढलं. चौदा वर्षं त्याने जळक्या मोटारी उघडल्या. विहिरीत उतरला, चिखलात बसला, साप पाहिले, शिव्या खाल्ल्या. एवढ्या वर्षांत त्याला एक गोष्ट पक्की कळली. मोटार जळाली की शेतकरी मोटारीला शिव्या देतो, वीज कंपनीला देतो, नशिबाला देतो. पण दहापैकी सहा वेळा खरा दोष केबलचा असतो. आत तांबं कमी, तार बारीक, मग ती तापते आणि मोटारीला घेऊन मरते. शेवटी त्याने नागपुरातून एक जुनी मशीन आणली आणि म्हणाला, आता मी पुरतं तांबं घालून केबल करतो, बघू मोटारी कशा जळतात ते.

पहिलं बंडल गुंडाळलं त्या दिवशी सुखीबाई आली होती. तिला सगळे याडी म्हणतात. गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, याडी म्हणजे आई, आणि तिच्या बाबतीत हे नातं सगळ्या तांड्याला लागू आहे. मशीनच्या मीटर मोजणाऱ्या काउंटरवर शंभर आकडा आल्यावर पूनमसिंग तार कापायला निघाला, तर याडीने त्याचा हात धरला. त्यांच्या घराण्यात एक रीत होती. धान्य मापून दिलं की माप भरल्यावर वर एक मूठ टाकायची, आणि टाकली म्हणून बोलायचं नाही. पूनमसिंगला रीत माहीत होतीच, शिवाय मोटारवाल्याचं डोकं होतं. मोटार बिघडली की ती वर काढतात, दुरुस्त करतात आणि परत सोडताना केबलचा जोड कापून नवा करतात. दरवेळी वीत-दीड वीत केबल जाते. दोन-तीन दुरुस्त्यांत केबल आखूड होऊन बसते. म्हणजे शेतकऱ्याला खरी गरज असते ती शंभराच्या वरच्या एका मीटरची. त्याने काउंटर एकशे एकवर लावला. तेव्हापासून बारा वर्षं तो तिथेच होता. बाहेर वेष्टनावर मात्र छापलेलं असे, शंभर मीटर. आपण जास्तीचा देतो हे त्याने ना कुणाला सांगितलं, ना कुठे लिहिलं, आणि त्याचा त्याला मनातून भारी अभिमान होता.

गेल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये या अभिमानाला पहिला धक्का बसला. राखीने वर्षाचा हिशेब त्याच्यापुढे ठेवला. राखी ही त्याची थोरली मुलगी, यवतमाळला बी.कॉम. करून आलेली. गेली तीन वर्षं कारखान्याची पुस्तकं आणि बापाचा रक्तदाब दोन्ही तिच्याकडे आहेत.

“तीन लाख अठरा हजार,” राखी म्हणाली.

“नफा?” पूनमसिंगने आशेने विचारलं.

“तोटा, बाबा.”

त्याला अगदीच कल्पना नव्हती असं नाही. ते वर्षच तसं गेलं होतं. तांब्याचा भाव मोबाईलवर बघायचा आणि दात घासायच्या आधीच नाराज व्हायचं, हा त्याचा रोजचा कार्यक्रम झाला होता. सोयाबीनला भाव नाही म्हणून शेतकरी नवी मोटार घ्यायला तयार नाही. ज्याने सरकारी योजनेतून सौर पंप घेतला त्याची केबल पंपासोबतच आली. आणि बाजारात बाहेरून एक केबल येऊ लागली होती, वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम, भाव निम्मा. ती महिनाभर टिकते असं पूनमसिंग म्हणे. दुकानदार म्हणत, महिनाभर पुष्कळ झालं.

“आपण अडतीसशे बंडलं विकली,” राखी म्हणाली. “एका बंडलामागं एक मीटर तुमी वरतून देता. आजच्या भावानं नव्वद रुपये मीटर. गुणा करा.”

पूनमसिंगने गुणाकार केला नाही. करायची गरज नव्हती, तिने करून ठेवला होता. तीन लाख बेचाळीस हजार.

“म्हणजे थो मीटर देला नसता तर आपण चोवीस हजारानं फायद्यात असतो. काउंटर शंभरवर आणा, बाबा. वेष्टनावर शंभरच लिहिलं आहे. कोणी चोर नाई म्हणणार.”

“थो मीटर नाई काढायचा.”

“मंग मशीन काढा लागते.”

हे ती रागाने बोलली नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं. खूप वाद झाला. मशीन चालवणारा मेहुणा शाम दारातून ऐकत होता, तो हळूच सटकला. शेवटी बापलेकीचं ठरलं ते असं. आणखी एक वर्ष. मार्चअखेर पुन्हा तोटा निघाला तर मशीन जिथून आणली होती त्या नागपूरच्या माणसालाच ती विकायची, सहा जणांना दुसरं काम बघायला सांगायचं आणि पूनमसिंगने पुन्हा मोटारी भरायच्या. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी विहिरीत उतरायला त्याची तशी ना नव्हती. पण त्या सहा जणांना तोंडाने कसं सांगायचं, या विचाराने तो घाबरला. त्या रात्री तो नीट जेवला नाही, आणि पूनमसिंग जेवला नाही ही त्याच्या घरात बातमी असते.

मग तो पेटला. टेम्पोत नमुने टाकून उमरखेडपासून राळेगावपर्यंत दुकानं फिरला. पुरत्या तांब्याच्या आणि नकली केबलचे तुकडे काउंटरवर सोलून दाखवले, चहा प्यायला, पाजला. दुकानदारांनी मान डोलावली आणि ऑर्डर मागच्या वर्षीएवढीच दिली. ऑगस्ट संपला तेव्हा राखीने कॅलेंडरचं पान जरा जोरात उलटलं.

सप्टेंबरात तो आणि शाम फुलसावंगीकडे निघाले होते. रस्त्याच्या कडेला एका वावरात बोअरमधून मोटार काढणं चालू होतं. तीन बल्ल्या उभ्या, वर कप्पी, चार माणसं दोर ओढताहेत. आता मोटार वर निघताना दिसली आणि पूनमसिंग थांबला नाही, असं कधी घडलेलं नाही. लग्नाला जाताना तो असाच थांबला होता, आणि ते लग्न त्याच्या स्वतःच्या मेहुणीचं होतं. त्याने शामला टेम्पो बाजूला घ्यायला लावला, पायजमा वर खोचला आणि विचारणा न करता दोराला हात घातला.

मोटार वर आली आणि तिच्यामागे काळी केबल. पूनमसिंगने ती पुसली. ‘सुखी केबल’. त्याची छाती फुगली.

“कशी आहे हे केबल?” त्याने वावरवाल्याला विचारलं. वावरवाला रामराव, साठीचा, डोक्याला उपरणं.

“लय चांगली,” रामराव म्हणाला. “सहा वर्षं झाले, मोटार दोनदा बिघडली, केबल नाई. फक्त एक बिमारी आहे तिले. आखूड पडते.”

“आखूड? कशी आखूड पडन?”

“जोड कापला का आखूड होते ना, भाऊ. मंग दुकानातून तुकडा आणा लागते. याच कंपनीचा भेटते, एक मीटरचा. फुलचंदच्या दुकानात. एकशे वीस रुपये.” आणि त्याने खिशातून तो तुकडा काढून दाखवला. बरोबर एक मीटर, वर रबर लावलेलं.

पूनमसिंगने तुकडा हातात घेतला. तो त्याचाच होता, त्यात वाद नव्हता. पण सुखी केबल एक मीटरचे तुकडे विकत नाही. सुखी केबलने जन्मात कधी एक मीटरचा तुकडा विकला नाही. त्याने शामकडे पाहिलं. शामला आधी कळलं, आणि त्याने हसू दाबण्यासाठी तोंड फिरवलं, पण खांदे हलत होते.

फुलचंदचं दुकान फुलसावंगीच्या चौकातच होतं. इलेक्ट्रिकचा माल, पाइप, आणि गल्ल्याजवळ लोकांसाठी बडीशेप. फुलचंद गोल चेहऱ्याचा, गोड बोलणारा माणूस, बारा वर्षांचा जुना व्यापारी. पूनमसिंगने तुकडा समोर ठेवला. फुलचंद मुळीच गडबडला नाही. उलट त्याने खालचं खोकं ओढून दाखवलं. आत पन्नासेक तुकडे, एकाच मापाचे, दहा-दहाच्या जुड्या बांधलेले.

“आम्ही पहिल्याच वर्षी मोजलं, पूनमभाऊ,” तो म्हणाला. “बंडलात एकशे एक भरला. म्हटलं, कंपनीनं दुकानदारासाठी ठेवला असन. बाकी कंपन्या गिफ्ट देतेत, घड्याळ देतेत. तुमी मीटर देता. तुमच्या तुकड्यायवर तर हे शटर बसवलं आम्ही.”

“थो मीटर शेतकऱ्याचा होता!”

“असन ना,” फुलचंद शांतपणे म्हणाला. “पण कुठं लिहिलं होतं? तुमी मले कधी सांगतलं? बडीशेप घ्या.”

पूनमसिंगला राग आला होता, पण राग ठेवायला जागा सापडत नव्हती. माणूस खोटं काहीच बोलत नव्हता. त्याने बडीशेप घेतली. पुढे आणखी चार गावांतल्या दुकानांत विचारलं, आणि पाचांपैकी चारांकडे तसंच खोकं निघालं. बारा वर्षं तो गुपचूप दान करत होता आणि ते दुकानांच्या गल्ल्यात पडत होतं. ज्याच्यासाठी टाकलं त्या शेतकऱ्याला आपलीच फुकटची मूठ एकशे वीस रुपयांना विकत घ्यावी लागत होती. परतीच्या वाटेवर शाम शेवटी हसलाच, आणि थोड्या वेळाने पूनमसिंगही हसला, पण त्याला रडूही येत होतं.

राखीने सगळं ऐकून घेतलं. “मंग झालं,” ती म्हणाली. “आता तरी शंभरवर आणा. कायले दुकानदारायचे शटर बसवता?”

पूनमसिंग उठला आणि स्वतःच्या हाताने काउंटर शंभरवर आणला. चार दिवस बंडलं बरोबर शंभराची निघाली. हिशेब सुधारत होता. पण पूनमसिंग शंभर आकडा आला की बाहेर जाऊन उभा राहायचा. पाचव्या दिवशी त्याने फटफटी काढली आणि तांड्यावर गेला.

याडी ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. वय ऐंशीच्या पुढे, कान तिखट, दात तीन. पूनमसिंगने तिला सगळं सांगितलं. खोक्याचं सांगितलं तेव्हा ती खळखळून हसली. फुलचंद हुशार आहे, म्हणाली, त्याला एकदा जेवायला बोलाव. मग पूनमसिंगने काउंटर शंभरवर आणल्याचं सांगितलं आणि खाली बघत बसला. आईची रीत मोडली म्हणून ती रागवेल अशी त्याची तयारी होती.

“तूच सांगितलं होतंस, बोलायचं नाही,” तो गोरबोलीत म्हणाला. “मी बोललो नाही. म्हणून असं झालं.”

याडीने त्याच्या हातावर चार शेंगदाणे ठेवले. “बोलू नको म्हटलं ते कुणाला उपकार वाटू नये म्हणून,” ती म्हणाली. “ज्याचं त्याला पोचलं का ते बघू नको, असं मी कधी म्हटलं? माझा आजा मूठ टाकायचा ती समोरच्याच्या पदरात टाकायचा. तुझ्यासारखी रस्त्यावर टाकून बैल हाकत नव्हता.”

पूनमसिंगला हे ऐकून इतकं हलकं वाटलं की त्याने शेंगा फोडायला बसून अर्धी टोपली संपवली. खाल्ल्या त्यातल्या निम्म्या.

दुसऱ्या दिवशी काउंटर पुन्हा एकशे एकवर आला. राखी म्हणाली, हे केलं तर मार्चमध्ये तोटा चार लाखांवर जाईल. पूनमसिंग म्हणाला, मीटर द्यायचा आणि त्यावर लिहायचं. राखीने विचार केला. ती त्याच्यासारखी भोळी नाही, तिला फुलचंदचं डोकं कळतं.

“लिहिलेलं टोक फुलचंद ठेवन आणि दुसऱ्या टोकाकडून मीटर कापन.”

मग राखीनेच तोड काढली. जोड दोन ठिकाणी होतो, खाली मोटारीजवळ आणि वर स्टार्टरजवळ. मग अर्धा मीटर या टोकाला, अर्धा त्या टोकाला, आणि दोन्हीवर लिहायचं. एका जरी टोकाला अक्षरं नसतील तर शेतकऱ्याने बंडल घ्यायचं नाही. पूनमसिंग मुलीकडे बघतच राहिला. सहा महिने मशीन विकायच्या गोष्टी करणारी हीच का ती, असं त्याला वाटलं.

काय लिहायचं यावर दोन दिवस गेले. शाम म्हणाला, ‘फ्री’ लिहा, लोकांना कळतं. राखी म्हणाली, ‘मोफत’. पूनमसिंगने रीतीप्रमाणे ओमला विचारलं. ओम चहा ओतत म्हणाला, “फुकट म्हटलं की माणूस म्हणते, यात काहीतरी गडबड आहे.” शेवटी ठरलं, ‘हा अर्धा मीटर शेतकऱ्याचा. जोडासाठी.’ एवढंच. हातात धरून फिरवायचा रबरी रोलर नागपूरहून करून आणला. पहिली शाई घासली की निघायची. तिने शामचे दोन शर्ट आणि राखीचा एक दुपट्टा पिवळा केला, केबल मात्र काळीच राहिली. दुसरी शाई बसली. काळ्या केबलवर पिवळी अक्षरं, आणि प्रत्येक बंडलात ‘दोन्ही टोकं बघून घ्या’ असं सांगणारी एक चिठ्ठी, खाली कारखान्याचा फोन नंबर.

ऑक्टोबरात माल गेला आणि आठवड्यात फुलचंदचा फोन आला. “पूनमभाऊ, हे काय छापून पाठवलं? गिऱ्हाईक मले खोकं दाखव म्हणून राह्यलं!” त्याने चाळीस बंडलं परत पाठवली. आणखी दोन दुकानदारांनी तेच केलं. परत आलेला माल शेडच्या दारापर्यंत साचला, बाहेर जायचं तर आडवं होऊन जावं लागे. पूनमसिंगला झोप येईना. आपण शहाणपण केलं की वेडेपणा, हे तो सगळ्यांना विचारत सुटला, आणि या वेळी त्याला उत्तर खरोखर हवं होतं. राखीने एका दुपारी त्याच्या टेबलावर चहा ठेवला आणि म्हणाली, “बाबा, हरभऱ्याचं पाणी चालू होऊ द्या. मंग पाहू.” तिचा आवाज मऊ होता. तो चहा त्याने गारच प्यायला.

हरभऱ्याचं पाणी चालू झालं, आणि वावरांमधून बातमी फिरली. एका बोअरवर चार माणसं जमतात, मोटार सोडताना चौघंही केबलचं टोक बघतात, आणि पिवळं अक्षर दिसलं की वाचतात. ते वाचून माणूस दुकानात जातो आणि दोन्ही टोकं मागतो. डिसेंबरात फुलचंदने स्वतःच फोन केला. “पिवळ्या अक्षराची शंभर बंडलं पाठवा. लोक टोक पाह्यल्याबिगर हात लावून नाई राह्यले.” मग जरा थांबून म्हणाला, “खोकं रिकामं झालं, भाऊ. त्यात आता बडीशेप ठेवतो.” नकली केबलवाल्यांना हे छापता येत नव्हतं असं नाही, पण त्यांच्या बंडलात शंभरच भरत नव्हते, वर अर्धा-अर्धा कुठून आणणार. जानेवारीत पूनमसिंगने तांब्याच्या भावाप्रमाणे दर दोन टक्के वाढवला आणि श्वास रोखून बसला. कुणी तक्रार केली नाही.

एकतीस मार्चला राखीने हिशेब तीनदा तपासला. शेडमध्ये सगळे उगाच काहीतरी करत होते. शाम पुसलेली मशीन पुन्हा पुसत होता. राखी बाहेर आली. “शहाण्णव हजार,” ती म्हणाली.

गेल्या वर्षीच्या अनुभवाने पूनमसिंगने पुढचा प्रश्न विचारायचं धाडस केलं नाही.

“नफा, बाबा. वरचा मीटर धरून.”

पूनमसिंग मोठमोठ्याने रडला. सहाही जणांसमोर, अगदी लहान मुलासारखा, आणि नंतर म्हणाला की डोळ्यांत शाई गेली होती. मशीन त्या दिवशी सुटी घेऊन बंद राहिली. संध्याकाळपर्यंत पेढे वाटून झाले. जिनिंगवाल्याने दोनदा घेतले. शहाण्णव हजार म्हणजे काही फार नाही, मोठ्या कंपन्यांच्या चहाचा खर्च असेल. पण सहा घरं चालू राहिली आणि राखीने नागपूरच्या माणसाचा नंबर मोबाईलमधून काढून टाकला.

मे महिन्यात एका सकाळी कारखान्याचा फोन वाजला. पूनमसिंगने उचलला.

“सुखी केबलवाले का? मी राळेगावजवळून विमल बोलून राह्यली. तुमच्या चिठ्ठीवर नंबर होता.”

“बोला, ताई. काय तकरार आहे?” केबलच्या धंद्यात फोन तक्रारीचाच येतो.

“तकरार नाई, भाऊ. नवं बंडल आणलं बोअरसाठी. माहे घरधनी गेले त्याले चार वर्षं झाले, तवापासून दुकानातलं सगळं मीच आणते. बाईमाणूस पाह्यलं का मापात मारते हे लोक. पाइपात मारलं, बियाण्यात मारलं. म्या भांडली तर म्हणते, ताई, तुमाले काय समजते यातलं. यंदा त्यानं बंडल देलं तर एकाच टोकाले अक्षर. दुसरं टोक कापेल. म्या त्या अक्षरावर बोट ठेवलं अन् म्हटलं, वाच.”

“मंग?” पूनमसिंग उभाच राहिला होता.

“वाचलं ना त्यानं. चार लोकायसमोर, मोठ्यानं. ‘हा अर्धा मीटर शेतकऱ्याचा.’ म्हटलं, शेतकरी कोण आहे? मी आहे. दुसरा अर्धा काढ.” ती हसली. “काढलं त्यानं दुसरं बंडल. दोन्ही टोकायचं. मोटार सोडली काल, पाणी चालू आहे. तुमाले सांगा म्हटलं.”

एवढ्या वर्षांत पूनमसिंगचा मीटर पोचला असं सांगायला पहिलाच फोन आला होता. तो कसाबसा म्हणाला, “लय चांगलं केलं, ताई. आमची काही चूक असन तर सांगा.”

“चूक नाई. फक्त अक्षर बारीक आहे. मले तर चष्मा लावून वाचा लागलं. माह्यासारख्या दुसऱ्या बायाईलेही दुकानात दाखवा लागन ना.”

फोन ठेवून पूनमसिंग मशीनजवळ गेला. शाम रोलर हातात घेऊन शाई लावत होता. या वेळी पूनमसिंगने कुणालाच काही विचारलं नाही.

“हा रोलर बाजूला ठेव,” तो म्हणाला. “नवा करून आणू. अक्षर दुप्पट मोठं पाहिजे.”